ओसाड गावात घेतलेलं नाव

"दार लोटून घ्या हो, वाळू आत येते."

इतक्या वर्षांनंतरही प्रमिलाताईंचा तो आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आहे. पोळ्या लाटता लाटता मागे न बघता बोलणाऱ्या बाईचा आवाज, सवयीचा, अर्धं लक्ष तव्याकडे असलेला. फरक एवढाच, की ज्या घरात त्या हे म्हणाल्या त्या घराला छप्पर नव्हतं. मागची भिंत नव्हती. डावीकडची भिंत कमरेपर्यंत होती आणि तिच्यावर एक शेळी उभी होती. पुढच्या भिंतीत तेवढी चौकट शाबूत होती, आणि तिला, कसं कोण जाणे, एक दार लटकून राहिलं होतं. वाळू चारी बाजूंनी येत होती. वरूनही येत होती.

आमचे नाना उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी ते लोटून घेतलं. परत येऊन आपल्या दगडावर बसले आणि म्हणाले, "आता बरं आहे."

नाना खांबेटे हे माझे सासरे. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. पाऊस पडला असं कुणी म्हणालं तर "किती मिलिमीटर?" असं विचारणारा माणूस. असा माणूस उघड्या आभाळाखालच्या घराचं दार वाळूसाठी लोटून घेतो आणि वर बरं आहे म्हणतो, तेव्हा समजायचं की प्रकरण पुष्कळ पुढे गेलेलं आहे. आणि मला ठाण्याहून त्यांच्याबरोबर पाठवलं होतं ते, प्रकरण पुढे जाऊ नये म्हणून.

प्रकरणाची सुरुवात माझ्या मुलापासून झाली होती. मी नोकरीवर जायची, म्हणून कौस्तुभला आम्ही प्रमिलाताई तगाऱ्यांच्या पाळणाघरात ठेवायचो. त्याला घरी आणायचं काम नानांकडे होतं. सासूबाई गेल्यापासून त्यांनाही काहीतरी काम हवंच होतं. नाना आधी वेळेवर जायचे. मग थोडे लवकर जायला लागले. मग जेवण झालं की लगेच निघायला लागले. पुढे कौस्तुभ शाळेत जायला लागला, पाळणाघर सुटलं. नानांचं सुटलं नाही.

प्रमिलाताई साठीला आलेल्या होत्या. कपाळावर गोंदणाचा एक हिरवा ठिपका, बाकी काही नाही. गळा मोकळा. हातात एकेक साधी बांगडी. नवरा कधीतरी वारला असणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, गळ्याकडे बघून समजून घ्यायच्या असतात, असं आमच्याकडे होतं.

नाताळच्या सुट्टीत ठाण्यातल्याच एका लहानशा कंपनीची राजस्थानची सहल निघाली. नानांनी नाव घातलं. दोन दिवसांनी प्रमिलाताईंनीही घातलं. तिसऱ्या दिवशी सुहासनं, माझ्या नवऱ्यानं, माझं घातलं.

"मला का?" मी विचारलं.

"नाना तिला विचारणारेत," सुहास म्हणाला.

"काय विचारणारेत?"

"वृंदा, वेड पांघरू नकोस. वाळवंटात नेऊन माणूस बाईला काय विचारतो? पाण्याचा दर?"

"नाना कदाचित तेच विचारतील."

सुहास हसला नाही. "हॉलमध्ये आईचा फोटो आहे," तो म्हणाला. "त्याखाली दुसरी बाई बसून चहा पिणार, आणि मी तिला काय म्हणायचं? तू फक्त त्यांना विचारू देऊ नकोस. एकदा विचारलं की संपलं, मग ते मागे घेणार नाहीत. विचारायला लागले की काहीतरी कर. खोकला काढ."

अशा रीतीनं मी वाळवंटात आले, खोकण्यासाठी.

ज्या पडक्या घरात आम्ही बसलो होतो ते गावातलं पहिलंच घर. पुढे नजर जाईल तिथवर तशीच घरं होती. पिवळ्या दगडाची, चुन्याशिवाय नुसती एकावर एक रचलेली, आणि आता तशीच एकेक करून उतरत चाललेली. गल्ल्या सरळ होत्या. कोपरे काटकोनात होते. गाव नीट आखून वसवलेलं होतं आणि नीट आखल्यासारखंच ते पडत होतं. वारा आला की कुठेतरी एखादा दगड सुटायचा, टक् असा आवाज व्हायचा आणि पुन्हा सगळं गप्प.

आमचा सहलप्रमुख टिपणीस नावाचा तरुण होता. त्याच्या हातात बॅटरीवर चालणारा भोंगा होता आणि तो त्याशिवाय बोलत नसे, जेवतानासुद्धा. "मंडळी!" तो भोंग्यातून म्हणाला, "हे गाव एका रात्रीत ओस पडलं. हमीरजी सांगतील."

हमीरजी म्हणजे तिथला वाटाड्या, पांढऱ्या मिशांचा. त्यानं गाव ओस पडण्याची तीन कारणं सांगितली. दिवाणाची नजर गावच्या मुलीवर पडली होती. शिवाय कर फार झाला होता. शिवाय विहिरी आटल्या होत्या.

"यांतलं खरं कुठलं?" नानांनी विचारलं.

"ज्याला जे आवडेल ते," हमीरजी म्हणाला. "बायकांना मुलीचं आवडतं. व्यापाऱ्यांना कराचं."

"विहिरीचं खरं असणार," नाना म्हणाले. "मला विहीर दाखवा."

प्रमिलाताई घराच्या कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. तिथं अर्धं जातं होतं, वरचा दगड गेलेला, खालचा वाळूत रुतलेला. त्यांनी हातानं वाळू बाजूला केली आणि पुसल्यासारखं केलं. मग, जातं दिसलं की काही बायकांना आपोआप होतं तसं त्यांना झालं, आणि त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"वाऱ्यानं नेली बाई, माझ्या अंगणाची माती,
उंबरा ठेव माझा, दिवा लावीन मी राती."

"कुणाची हो ही ओवी?" मी विचारलं.

"कुणाची कशाला? जातं दिसलं, म्हटली." त्या उठल्या, साडी झटकली आणि हमीरजीला म्हणाल्या, "सगळं गाव गेलं म्हणता. एखादी मागं राहिली असेल की."

"कोणी नाही राहिलं, बाईजी. लहान-थोर सगळे गेले."

"असं कसं? एखादी म्हणाली असेल, मी नाही येत. किंवा एखादी आधीच निघून गेली असेल, सगळ्यांच्या आधी, एकटीच. तिची गोष्ट नाही सांगत कुणी?"

हमीरजीनं मिशीवरून हात फिरवला. "तशी गोष्ट कोणी विचारत नाही," तो म्हणाला.

विहीर गावाच्या टोकाला होती, पायऱ्यांची. तळाशी पाणी नव्हतं, प्लास्टिकची एक चप्पल होती. बाकीची मंडळी टिपणिसाबरोबर उंटांकडे गेली. नाना काठावर उभे राहिले आणि प्रमिलाताईंना विहिरीबद्दल सांगायला लागले. आत झिरप कशी असते, गाळ कुठे साचतो, पायऱ्या उत्तरेलाच का. त्या ऐकत होत्या. मी चार हातांवर एका पडक्या ओट्यावर बसले होते, लक्ष देऊन दुसरीकडे बघत.

"अशी विहीर मेलेली नसते," नाना म्हणाले. "वरचा गाळ काढला तर खाली ओल सापडते. पुष्कळदा सापडते. वयाचा प्रश्न नसतो. म्हणजे विहिरीच्या." ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. "प्रमिलाताई, मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

मी खोकले.

चांगली खोकले. मोठ्यानं, दम लागेपर्यंत. नाना धावत आले, पाठीवर थोपटायला लागले, मग बसमधून पाणी आणतो म्हणून निघून गेले. प्रमिलाताईंनी पिशवीतून पुरचुंडी काढली आणि ज्येष्ठमधाची एक काडी माझ्या हातात ठेवली. मी चघळायला लागले. खोकला खोटा होता, पण ज्येष्ठमध खरं होतं, आणि आता थुंकता येत नव्हतं.

त्या माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या.

"वृंदा, पुन्हा खोकू नकोस," त्या म्हणाल्या. "असा ओढून आणलेला खोकला घसा सोलतो. पोरं शाळा बुडवायला असं करायची, मला कळतो."

मी नुसती मान हलवली. तोंडात काडी होती.

"सुहासनं सांगितलं असेल. त्याचं चूक नाही, आईचा मुलगा आहे. पण तू उगाच दमतेयस. त्यांना विचारू द्यायचं नाही हे काम मीच करतेय. गेलं वर्षभर. ते टोपी काढतात ना, की मी उठते. गॅस बघायला, दार बघायला, कुणाचं पोर रडलं म्हणून."

मी काडी तोंडातून काढली. "म्हणजे तुम्हाला नकोय?"

"मी असं म्हणाले का?"

विहिरीच्या तळाशी वारा फिरला आणि ती चप्पल जरा सरकली.

"विचारलं की उत्तर द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि उत्तराच्या आधी मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती ऐकली की ते विचारलेलं मागे घेतील. सभ्य माणूस आहे, हळूच घेतील, पण घेतील. आत्ता निदान ते विचारायचे राहिलेत. तेवढं तरी माझ्याकडे आहे. कुणीतरी मला काहीतरी विचारणार आहे, हे रोज सकाळी उठलं की असतं."

"कसली गोष्ट?"

"तू सुहासला सांगशील."

"नाही सांगणार."

"सांगशील गं. नवऱ्याला सांगायचं असतंच. बोलत राहावं नवऱ्याशी." त्यांनी पुरचुंडीची गाठ मारली. "चघळ ते, टाकू नकोस. महाग झालंय."

नाना पाणी घेऊन आले. मी प्यायले. त्यांनी विचारायचं होतं ते पुन्हा काढलं नाही. मला बरं वाटतंय का तेवढं विचारलं, तेही तीनदा.

दुपारी टिपणिसाच्या आचाऱ्यानं त्या वाळवंटात मुगाची खिचडी आणि ताकाची कढी केली. उंट बघायला आलेले जर्मन लोक आमच्या कढीकडे बघून गेले. जेवताना नाना प्रमिलाताईंशेजारी बसले होते. एकदा त्यांचा हात टोपीकडे गेला. प्रमिलाताई ताबडतोब उठल्या आणि पापड आणायला गेल्या. पापड संपलेले होते हे त्यांनाही माहीत होतं. मी नानांकडे पाहिलं. ते रिकाम्या जागेकडे बघत कढी पीत होते, आणि मला सुहासचा राग आला. मग माझा आला. मग वाटलं, राग येऊन काय उपयोग, इथं तर विचारणाऱ्याला अडवायला आम्ही दोघी आहोत आणि त्या बिचाऱ्याच्या बाजूनं कुणीच नाही.

दुसरं गाव तिथून बसनं अर्ध्या तासावर होतं. तेही त्याच काळात ओस पडलेलं, पण त्याचं नशीब वेगळं निघालं. कुठल्याशा संस्थेनं त्याची पुढची गल्ली बांधून काढली होती. दगड पुन्हा चढवले होते, ओटे सारवले होते, भिंतींवर पांढऱ्या रंगानं मोर आणि वेली काढल्या होत्या. दारं नवी होती, पितळी कड्यांची. गल्लीतून चालताना वाटायचं की आत्ता कुणीतरी बाहेर येईल आणि कोण पाहिजे म्हणून विचारील. पण दोन घरांच्या फटीतून मागे पाहिलं की कळायचं. मागे तेच सकाळचं गाव, ढिगारे, आणि नव्या भिंतींना मागून लावलेले बल्ल्यांचे टेकू. बहुतेक घरांना नुसता दर्शनी भागच होता. आत जाऊन बसता येईल असं पूर्ण झालेलं घर एकच.

नानांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठकठक केलं. "सिमेंट आहे आत. वरून पिवळा रंग मारलाय."

"असू दे मेलं," प्रमिलाताई म्हणाल्या. "कुणी राहायला आलं तर सिमेंटच बरं."

"राहायला कोण येणार, बाईजी?" हमीरजी म्हणाला. "बघायला येतात."

"मग घर कशाला म्हणायचं त्याला?"

"गावाबाहेर गेल्यावर लोक परत येत नाहीत," हमीरजी म्हणाला. "मीच नव्या वस्तीत राहतो. तिथं नळ आहे."

नानांनी मान डोलावली. नळाचा मुद्दा त्यांना पटला.

त्या पूर्ण झालेल्या घरापाशी टिपणिसाला कल्पना सुचली. त्यानं दारात आडवा हात धरला आणि भोंगा तोंडाला लावला.

"मंडळी, गृहप्रवेश! नव्या घरात फुकट शिरायचं नाही. बायकांनी एकेकीनं उंबऱ्यावर नाव घ्यायचं आणि मगच आत जायचं. उखाण्यात! पुरुष मंडळींनी समोरच्या ओट्यावर बसून ऐकायचं."

बायका हरखल्या. पुरुष ओट्यावर बसले, बायकोनं काय काढलंय याची वाट पाहत. परचुरेबाई सगळ्यांत पुढे. टिपणिसानं भोंगा त्यांच्या तोंडापुढे धरला आणि त्या म्हणाल्या,

"वाळवंटात उंटाला लागत नाही तहान,
अरविंदरावांची भूक मात्र उंटापेक्षा महान."

टाळ्या पडल्या. अरविंदरावांनी कढीचे तीन पेले घेतले होते, त्यामुळे जास्त पडल्या. मग ओकबाईंनी लग्नातलाच जुना घेतला. त्यात अंगणातली तुळस होती. इथं अंगणात बोरीचं खुरटं झुडूप होतं, ते सगळ्यांनी चालवून घेतलं. मला काही सुचेना. मागून ढकललं तशी मी उंबऱ्याशी गेले आणि जे दिसत होतं तेच म्हणाले,

"पिवळ्या पिवळ्या दगडावर पिवळं पिवळं ऊन,
सुहासरावांचं नाव घेते, नानांची सून."

"वा, सासरेही बसवले!" परचुरेबाई म्हणाल्या. नाना ओट्यावर जरा ताठ बसले.

मी आत गेले. आत थंड होतं. नव्या सारवणाचा वास होता, देवळीत एक रिकामी पणती होती. एकेक करून बायका आत येत होत्या, हसत, एकमेकींना ढोसत. आणि मग उंबऱ्यावर एकदम अवघडल्यासारखं झालं. बाहेर प्रमिलाताई उरल्या होत्या.

त्या रांगेत नव्हत्या. ओट्याच्या बाजूला, टेकूंच्या सावलीत उभ्या होत्या, आपण इथल्या नव्हेच अशा. अशा प्रसंगी बाजूला कुठं उभं राहायचं हे त्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं वाटलं.

टिपणीस गडबडला. त्यानं दारातला हात काढला. "ताई, तुम्ही... तुम्ही अशाच या," तो म्हणाला, आणि सवयीनं भोंग्यातून म्हणाला, त्यामुळे ते सगळ्या गावभर झालं.

"हो, हो, त्यांना नका रे आग्रह करू," परचुरेबाई आतून म्हणाल्या. त्यांचं मन चांगलं होतं. "त्यांचं राहू दे. या हो प्रमिलाताई, आमच्या मागून या."

प्रमिलाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. ओट्यावर नाना उठून उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढलेली होती. ते काही विचारणार नव्हते, एवढ्या लोकांत कसे विचारतील. त्यांना फक्त सहन झालं नव्हतं. पण टोपी हातात होती, आणि प्रमिलाताईंनी ती पाहिली.

या वेळी त्या कुठंही निघून गेल्या नाहीत. सरळ उंबऱ्याशी आल्या.

"मागून कशाला?" त्या म्हणाल्या. "मीही घेते नाव. धर रे ते इकडे."

टिपणिसानं भोंगा धरला. परचुरेबाईंनी माझं मनगट पकडलं. मला वाटलं, या आता गेलेल्या नवऱ्याचं नाव घेणार आणि बायका रडणार. तशी तयारी सगळ्यांनी केलीही होती, ओकबाईंचा पदर डोळ्यांपर्यंत पोचला होता.

प्रमिलाताईंनी चौकटीवर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाल्या,

"ओसाड पडल्या गावात उभी केली भिंत,
श्रीधरराव आहेत मिरजेला, मला नाही खंत."

गाव शांत झालं. तसं ते आधीपासून शांतच होतं, पण आता आम्हीही झालो. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. ओट्यावरून अरविंदरावांनी एक वाजवली आणि बंद केली.

"म्हणजे..." परचुरेबाईंनी माझं मनगट सोडलं. "आहेत?"

"आहेत की. गुडघे दुखतात म्हणे. बाकी बरे आहेत."

"पण तुम्ही तर..."

"मी कुठं काय म्हणाले? माझा गळा बघून सगळ्यांनी त्यांना मारून टाकलं. मी नुसतं जिवंत केलं नाही, एवढंच." त्या अजून उंबऱ्याच्या बाहेरच होत्या. बोलत परचुरेबाईंशी होत्या, पण मान किंचित मागे, ओट्याकडे वळलेली होती. "एकट्या बाईला खोली भाड्यानं हवी असते. लोक विचारतात, मालक कुठं असतात? मी गप्प बसले की ते अरेरे म्हणतात आणि किल्ली देतात. खरं सांगितलं असतं तर किल्ली मिळाली नसती. कुणी आपली पोरंही सांभाळायला दिली नसती. नवरा टाकून आलेली म्हणून."

"मारायचे का हो?" ओकबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. बोलायचे नाहीत."

"म्हणजे रागावून?"

"तेही कळलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बोलायचे थांबले, ते थांबलेच. कारण मला अजून माहीत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी उठून स्वतः घ्यायचे. मी समोर बसलेली असायची. हाक मारली नाही कधी, काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. बरीच वर्षं गेली. मग एक दिवस पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या, गळ्यातलं काढून देवापुढे ठेवलं आणि निघाले. एस.टी. स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचंय बाई? तर मला रडू आलं."

गल्लीच्या टोकाला एक गवंडी नव्या भिंतीवर पाणी मारत होता, त्याचा फसफस आवाज तेवढा येत होता.

"काडीमोड झालेला नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. आता त्या पूर्ण मागे वळल्या होत्या. "त्यांनी दिला नाही, मी मागायला गेले नाही. कायद्यानं मी अजून त्यांचीच आहे. हे सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं."

नाना ओट्यावरून उतरले. गल्ली ओलांडून यायला त्यांना जरा वेळ लागला, वाळूत पाय रुतत होता. ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. टोपी दोन्ही हातांत.

"मिरजेत कुठं?" त्यांनी विचारलं.

"तळ्यापाशी," प्रमिलाताई म्हणाल्या. "गणेश तळ्यापाशी."

"पाणी असतं का तळ्यात?"

"असतं."

"बरं." त्यांनी मान डोलावली. मग बराच वेळ उंबऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हळूच मागे घेतील. सभ्य माणूस आहे. तळ्याबद्दल आणखी दोन प्रश्न विचारतील, गाळाबद्दल एक, आणि मग आम्ही सगळे बसमध्ये जाऊन बसू. प्रमिलाताईंनाही तेच वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त चौकटीवरचा हात आखडला होता.

"नाना, ऐकलंत ना सगळं?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं."

"मग झालं तर."

"नाही झालं," नाना म्हणाले. "मी तुम्हाला लग्नाचं विचारणार होतो. सकाळी विहिरीवर. त्याच्याही आधी पुष्कळदा, पाळणाघरात. ते आता बाद झालं."

"हो."

"मग त्याच्या खाली जे होतं ते बोलतो. तेच खरं म्हणजे आधी बोलायला हवं होतं. लग्नाचं मी वर ठेवलं होतं, नीट दिसावं म्हणून."

बिचाऱ्या टिपणिसानं, कुणी बोलायला लागलं की तो करायचा तसं केलं. भोंगा नानांच्या तोंडापुढे धरला. नानांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी असू दिलं. समोरच्या भिंतींवरून, टेकूंमधून, मागच्या सगळ्या ढिगाऱ्यांवरून त्यांचा आवाज घुमत गेला, गल्लीच्या टोकाचा गवंडी पाणी मारायचा थांबला.

"प्रमिलाताई, मला तुमच्याबरोबर राहायचंय," नाना म्हणाले. "लग्न करून होत नसेल, तर न करता."